आधी नकाशा, मग परवानगी

पुनर्विकासाला विरोध करणाऱ्या वस्तीच्या हातात बहुतेक वेळा एकच कागद असतो, निवेदनाचा. वर विषय, खाली सह्या, मध्ये सहानुभूतीपूर्वक विचार व्हावा अशी विनंती. समोरच्या टेबलावर मात्र रंगीत आराखडा पसरलेला असतो. त्यात मजले मोजलेले असतात, गाड्यांच्या जागा आखलेल्या असतात, झाडंसुद्धा हिरव्या गोळ्यांनी दाखवलेली असतात. मग बोलणं त्या आराखड्यावरच होतं. खिडकी इकडे सरकवा, दोन मजले कमी करा, पार्किंग थोडं आत घ्या. वस्तीला काय हवंय हा प्रश्न टेबलावर येतच नाही, कारण तो कुणी काढूनच ठेवलेला नसतो.

जर्मनीतल्या हाम्बुर्ग शहरात सांक्ट पाउली नावाच्या वस्तीनं १९९०च्या दशकात ही अडचण नेमकी ओळखली. त्यांनी नदीकाठच्या एका मोकळ्या तुकड्यासाठी स्वतःच आराखडा करायला घेतला, महापालिकेनं विचारायच्या आधी आणि परवानगीची वाट न बघता. आज तिथं बांधकाम नाही, बाग आहे. मला माहीत असलेल्या शहरी आंदोलनांत हे सर्वांत बारकाईनं अभ्यासण्यासारखं वाटतं, कारण त्यातली कल्पकता शोभेपुरती नव्हती. तिला पद्धत होती, अवजारं होती, आणि ती अवजारं उचलून दुसरीकडे वापरता येतात.

सांक्ट पाउली म्हणजे एल्ब नदीवरच्या बंदराला लागून असलेली वस्ती. खलाशी, नाचघरं, रेपरबान नावाचा रात्रभर जागा रस्ता, स्थलांतरित कुटुंबं, कमी भाड्याची जुनी घरं. नदीकडच्या उतारावर हाफेनश्ट्रासे हा रस्ता आहे. तिथली पाडायला ठेवलेली रिकामी घरं १९८१ पासून तरुणांनी ताब्यात घेतली होती. १९८७ साली तिथं अडथळे उभारले गेले, शहर अक्षरशः हातघाईवर आलं, आणि शेवटी महापौर क्लाउस फॉन डोनान्यी यांनी रहिवाशांशी करार केला. १९९०च्या दशकाच्या मध्यावर ती घरं एका सहकारी संस्थेकडे गेली. पुढचं सगळं समजायला हा इतिहास लागतो. शेजारच्या मोकळ्या जागेवर बांधायचा बेत महापालिकेनं केला तेव्हा दोन्ही बाजूंना १९८७ची आठवण होती. पुन्हा तसला प्रसंग नको ही प्रशासनाची गरज होती, आणि वस्तीनं ती ओळखली.

बेत असा होता. एल्बच्या काठानं नव्या इमारतींची एक ओळ उभी करायची. नियोजनवाले तिला मोत्यांची माळ म्हणत. त्या माळेत सांक्ट पाउली चर्चजवळचा, बंदराच्या गोद्यांसमोरचा उताराचा तुकडाही भरून टाकायचा. घरं, कचेऱ्या. दाटीवाटीच्या वस्तीला नदी दिसण्याची जी एक फट उरली होती ती बंद झाली असती.

शेजारी, शाळा, चर्च, समाजकेंद्र, हाफेनश्ट्रासेचे रहिवासी आणि काही कलावंत एकत्र आले. क्रिस्टोफ शेफर आणि कॅथी स्कीन या कलावंतांनी १९९५च्या सुमारास कल्पनेला आकार दिला, पुढे मार्गिट चेन्की याही सामील झाल्या. नाव ठेवलं पार्क फिक्शन. पहिली चाल अशी की बाग झालेलीच आहे असं धरून चालायचं. जागेवर कार्यक्रम सुरू झाले. जगभरच्या बागांवर व्याख्यानं झाली, प्रदर्शनं भरली, उघड्यावर सिनेमे दाखवले गेले. कागदावर जमीन बांधकामाची होती, वापरात ती बाग होऊ लागली. आंदोलनात मोर्च्याचा एक दिवस असतो आणि मग शांतता असते, या पद्धतीत मात्र दर आठवड्याला काहीतरी चालू राहतं. ज्याला घोषणा द्यायला संकोच वाटतो तोही सिनेमा बघायला येतो, आणि आल्यावर जागा त्याची होते.

दुसरी चाल पैशांची. हाम्बुर्गच्या सांस्कृतिक खात्याची सार्वजनिक जागेतल्या कलेसाठी एक योजना होती. तिच्यातून या प्रकल्पाला मदत मिळाली. म्हणजे एकाच शहराचं एक खातं जागेवर बांधायला निघालेलं, आणि दुसरं खातं तिथं बाग मागणाऱ्यांना बळ देतंय. सरकार म्हणजे एकसंध भिंत असं आपण धरून चालतो आणि थकतो. खात्याखात्यांची उद्दिष्टं वेगळी असतात, अंदाजपत्रकं वेगळी असतात. त्यांच्यातली फट शोधणं हे चळवळीचं कष्टाचं आणि न दिसणारं काम आहे.

आता अवजारांकडे येतो, कारण खरी शिकवण तिथं आहे. १९९७-९८ मध्ये जागेवर एक कंटेनर आणून ठेवला. मालवाहू बोटीवर असतो तसला लोखंडी डबा, हेच नियोजनाचं कार्यालय. आत मातीचे नमुने करायचं टेबल, बागांवरची पुस्तकं, लोकांनी सांगितलेल्या इच्छा नोंदवून ठेवायचा संग्रह. रात्री उशिरा कुणाला काही सुचलं तर फोन करायला क्रमांकही होता. ज्या वस्तीचं निम्मं आयुष्य रात्री चालतं तिथं सकाळी अकरा ते पाच एवढंच कार्यालय उघडं ठेवलं असतं तर बारमध्ये काम करणारी बाई त्या बागेत कधीच आली नसती.

जे कंटेनरपर्यंत येणार नाहीत त्यांच्यासाठी एक पेटी केली होती. हातात धरून जिने चढता येतील एवढी. तिच्यात प्रश्नावली, नकाशे, नमुने करायची माती, आवाज टिपायचं यंत्र, झटपट फोटो देणारा कॅमेरा आणि बंदराच्या देखाव्याचं उलगडणारं चित्र. ही पेटी घेऊन माणसं घरोघरी गेली. यातली प्रत्येक वस्तू एक अडचण सोडवते. ज्याला लिहिणं जमत नाही किंवा जर्मन येत नाही तो बोलतो, आणि ते टिपलं जातं. ज्याला बोलायचा संकोच आहे तो माती वळतो. मातीचा नमुना टिकत नाही, तीच माती पुढच्या घरी लागते, म्हणून लगेच फोटो. आणि देखाव्याचं चित्र मागे उभं केलं की मातीतला बाक कुठं, कोणत्या दिशेला तोंड करून आहे हे आपोआप ठरतं. नुसती माती दिली तर माणूस खेळणं करतो, मागे नदी ठेवली की तो जागा करतो.

"तुम्हाला बागेत काय हवं" असं सरळ विचारलं की जगात कुठंही एकच उत्तर येतं. बाक, दिवे, मुतारी, घसरगुंडी. हे खोटं नसतं, पण ते आधीच बघितलेल्या बागांमधून आलेलं असतं. माणूस मिळण्यासारखं तेवढंच मागतो. म्हणूनच पार्क फिक्शनवाल्यांनी आधी व्याख्यानं आणि पुस्तकं ठेवली, बाग काय काय असू शकते हे दाखवलं, आणि मग विचारलं. त्यानंतर जे आलं ते कुठल्याही कार्यालयात सुचलं नसतं. पत्र्याची ताडाची झाडं, लाटांसारखं वर-खाली होणारं हिरवळीचं उडत्या सतरंजीसारखं मैदान, स्ट्रॉबेरीच्या आकाराचं झाडावरचं घर, स्त्री चाच्यांचं कारंजं, कुत्र्यांसाठी वेगळी बाग. ताडाची झाडं आणि उडती सतरंजी आज तिथं आहेत. स्ट्रॉबेरीचं घर आणि कारंजं झालं नाही.

एवढ्या उलटसुलट इच्छा आल्या की भांडण ठरलेलं. कुत्रेवाले आणि लहान मुलांचे आईबाप, चेंडूवाले आणि शांतता हवी असणारे. सरकारी पद्धत अशा वेळी सरासरी काढते, आणि सरासरीतून निघालेली बाग कुणालाच आवडत नाही. इथं जागा बेटांमध्ये वाटली. एका कल्पनेचं एक बेट, आणि ती कल्पना शेवटपर्यंत तिच्याच तऱ्हेनं न्यायची. ताडाचं बेट अर्धंमुर्धं ताडाचं नाही. जागा लहान असताना हे धाडस वाटतं, पण कुणाच्या इच्छेचं पाणी न करता सगळ्यांना सामावायचा मला दुसरा मार्ग दिसत नाही.

आणि वेळ. १९९५ ते २००५. बाग पुरती व्हायला दहा वर्षं लागली. माती वळणारी पोरं तोपर्यंत कामाला लागली होती. मधल्या काळात २००२ साली कासेलच्या डॉक्युमेंटा या जगप्रसिद्ध कलाप्रदर्शनात पार्क फिक्शन मांडलं गेलं, तेव्हा प्रत्यक्ष जागेवर बांधकामाच्या नावानं फारसं काही नव्हतं. आंदोलनं हरतात ती बहुतेक इथंच. लढाईत नाही, वाट बघण्यात. नेते बदलतात, कुणी गाव सोडतं, कागद कुणाच्या तरी माळ्यावर राहतात. इच्छांचा संग्रह ही भावनिक गोष्ट वाटते, पण दहा वर्षांनी "हे कुणी मागितलं होतं" असं एखादा अधिकारी विचारतो तेव्हा नोंदी आणि फोटो हाच पुरावा असतो.

या यशाला एक कडू बाजू आहे आणि ती लपवण्यात अर्थ नाही. सुंदर बाग झाली की आजूबाजूची भाडी वाढायला मदत होते. बंदरावरची कल्पक वस्ती म्हणून शहर स्वतःची जाहिरात करू लागतं. हाम्बुर्गच्या कलावंतांनी २००९ साली यावर जाहीरनामाच काढला, शहराचं ब्रँडिंग आमच्या नावानं करू नका म्हणून. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये शहराच्या मध्यभागी गेंगेफिर्टेल या जुन्या गल्ल्यांमधल्या उरलेल्या बारा इमारतींमध्ये लोक शिरले, आणि शिरले ते चित्रप्रदर्शन भरवून. पोलिसांना बळाचा वापर करायचा तर आधी प्रदर्शन उधळावं लागलं असतं. गुंतवणूकदाराला विकून टाकलेल्या त्या इमारती डिसेंबरमध्ये महापालिकेनं परत विकत घेतल्या. कला हे सौदा करायचं साधन आहे आणि ती जाहिरातीचा मालही होऊ शकते, या दोन्ही गोष्टी त्या शहरात एकाच वेळी खऱ्या आहेत.

पद्धतीची दुसरी परीक्षा रेपरबानवर झाली. तिथं १९६०च्या सुमारास बांधलेल्या एसो हॉयझर नावाच्या इमारती होत्या, खाली पेट्रोलपंप, दुकानं, गाण्याबजावण्याचा क्लब, वर शंभराहून अधिक घरं. २००९ साली एका मोठ्या बांधकाम कंपनीनं त्या घेतल्या. देखभाल वर्षानुवर्षं झालेली नव्हती. १४-१५ डिसेंबर २०१३च्या रात्री भिंती हादरल्याचं रहिवाशांनी कळवलं आणि सगळ्यांना रातोरात बाहेर काढलं. २०१४ मध्ये इमारती पाडल्या. इमारत वाचवायची लढाई तिथं संपली. वस्तीच्या सभेनं मग पुढच्या इमारतीचा हक्क मागितला, आणि प्लानबुडे, म्हणजे नियोजनाची टपरी, उभी राहिली. पार्क फिक्शनमधली काही माणसं यातही होती. पुन्हा कंटेनर, पाडकामाच्या जागेशेजारीच. पुन्हा माती, लेगोच्या विटा, प्रश्नावल्या, रात्रीचा नकाशा. २,३०० हून अधिक लोकांचं म्हणणं जमा झालं.

इथं त्यांनी केलेली एक गोष्ट मला पार्क फिक्शनच्याही पुढची वाटते. जमलेल्या म्हणण्यातून त्यांनी इमारतीचं चित्र काढलं नाही. त्यातून नियम काढले आणि त्याला सांक्ट पाउली कोड म्हटलं. एकसुरीपणापेक्षा वैविध्य, मोठ्या ठोकळ्यापेक्षा लहान लहान भाग, महागापेक्षा परवडणारं, पैसे खर्च न करता बसता येईल अशा जागा, प्रयोगाला वाव. हा कोड वास्तुस्पर्धेच्या अटींमध्ये गेला. म्हणजे वास्तुरचनाकारानं पहिली रेघ मारायच्या आधीच वस्तीचं म्हणणं अट झालं होतं. २०१५ साली अॅमस्टरडॅमच्या एनएल आर्किटेक्ट्स आणि कलोनच्या बीईएल यांच्या आराखड्याची निवड झाली. त्यात साठ टक्के घरं अनुदानित, परवडणाऱ्या प्रकारची होती आणि विकायचा फ्लॅट एकही नव्हता.

आणि तरीही २०२४ उजाडलं तेव्हा त्या जागी खड्डा आणि कुंपणच होतं. वाटाघाटी, वाढता बांधकामखर्च, मालकाचं जागा विकायला काढणं. कोड उत्तम होता, पण जमीन वस्तीची किंवा शहराची नव्हती. पार्क फिक्शनची जमीन सार्वजनिक होती, म्हणून तिथं राजकीय दबाव पुरला. खासगी जमिनीवर वेळ नेहमी मालकाच्या बाजूनं असतो. कुठलीही पद्धत उचलताना हा फरक सगळ्यात आधी तपासायला हवा.

हे वाचताना मुंबईचा माणूस गिरणगावाकडे वळतो, वळायलाच हवा. तिथं आराखडा होता. १९९६ साली चार्ल्स कोरिया यांच्या समितीनं राष्ट्रीय वस्त्रोद्योग महामंडळाच्या गिरण्यांच्या जमिनींचा विचार करून मोकळ्या जागा आणि घरं यांची सलग मांडणी सुचवली होती. १९९१च्या विकास नियंत्रण नियमावलीतला ५८वा नियम गिरणीची जमीन साधारण एक-तृतीयांश अशी महापालिका, म्हाडा आणि मालक यांच्यात वाटत होता. २००१ साली नियमात दुरुस्ती झाली आणि वाटणी फक्त आधीपासून मोकळ्या असलेल्या भागाची राहिली, उभ्या बांधकामाखालच्या जमिनीची नाही. सार्वजनिक वाटा आक्रसला. २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं ती दुरुस्ती कायम ठेवली. तज्ज्ञांचा आराखडा लालबाग-परळच्या चाळींमध्ये घरोघर वळला गेलेला नव्हता, त्यामुळे तो बाजूला पडला तेव्हा आपली बाग गेली असं कुणाला वाटलं नाही. कामगारांचा लढा घरांसाठी झाला, चिवटपणे झाला, आणि त्यातून घरं मिळालीही. पण मोकळ्या जमिनीचं चित्र कुणाच्या डोळ्यांसमोर नव्हतं.

हरकती-सूचनांच्या वाटेला मी कमी लेखत नाही. मुंबईच्या विकास आराखड्याचा मसुदा फेब्रुवारी २०१५ मध्ये प्रसिद्ध झाला, चुकांवरून हजारो हरकती आल्या आणि एप्रिलमध्ये तो मागे घ्यावा लागला. हरकत थांबवू शकते. पुढं काय यायला हवं ते मात्र ती सांगत नाही.

चाळीच्या पुनर्विकासात नेमकं हेच घडतं. बीडीडी चाळीत १६० चौरस फुटांच्या खोलीऐवजी ५०० चौरस फुटांचं घर ठरलं. तिपटीहून मोठं घर ही खरी मिळकत आहे, तिला नाकं मुरडणाऱ्यांनी आठ माणसांसह त्या खोलीत राहून बघावं. पण कुठल्याही चाळीची गॅलरी, जिन्याचा चौक, पटांगण, गणपतीच्या मांडवाची जागा यांना करारात चौरस फूट नसतात. त्यांचं कधी माप घेतलेलं नसतं, म्हणून ती मागताही येत नाहीत.

तेव्हा आपल्याकडच्या पेटीत पहिली वस्तू मोजपट्टी, तीस मीटरची. गॅलरीची रुंदी-लांबी, पटांगण, ओटे, नळाजवळची जागा, सगळं मोजून मजल्यानुसार लिहायचं. नमुना शंभरास एक या प्रमाणात करावा, म्हणजे एक सेंटिमीटर बरोबर एक मीटर. साठ मीटर लांबीची चाळ साठ सेंटिमीटरची होते आणि टेबलावर मावते. पन्नासास एक घेतलं तर ती एकशेवीस सेंटिमीटरची होऊन जिन्यात अडकते. माणसं काडीपेटीतल्या काड्यांची करावीत, पण कापून. अख्खी काडी साधारण साडेचार सेंटिमीटर असते, म्हणजे या प्रमाणात साडेचार मीटर उंचीचा माणूस, आणि मग पटांगण सगळ्यांना उगाच लहान वाटतं. दीड-पावणेदोन सेंटिमीटरचे तुकडे बरोबर. शेजारी पुठ्ठ्याचा टॉवरही त्याच प्रमाणात उभा करायचा, बावीस मजले म्हणजे तळापासून सुमारे पासष्ट सेंटिमीटर. तो उभा राहिला की बोलणं बदलतं.

माती शाडूची चालेल, स्वस्त मिळते आणि आपल्या हातांना सवय आहे. पण ती वाळते आणि तडकते, म्हणून ओल्या फडक्यात ठेवायची आणि नमुना झाला की त्याच बैठकीत फोटो काढायचा. प्रत्येक फोटोला क्रमांक, मजला, वय आणि सांगणाऱ्याचं एक वाक्य त्याच्याच शब्दांत. आवाज टिपायचा तर आधी विचारून. नाव नको असेल तर घेऊ नये, भाडेकरू आणि पोटभाडेकरू नावानं घाबरतात. सभा फक्त रात्री जेवणानंतर ठेवली तर तेच पाच-सहा पुरुष बोलतात. दुपारची वेळ वेगळी, शाळा सुटल्यावरची वेगळी, आणि अंथरुणाला खिळलेल्यांच्या खोलीत पेटी न्यायची. नोंदींच्या दोन प्रती दोन वेगळ्या घरांत, कारण समिती बदलते.

सर्वांत जास्त चुकतं ते वेळेचं. सहकारी गृहनिर्माण संस्थेच्या पुनर्विकासात सहकारी संस्थांच्या कायद्यातल्या कलम ७९ए खालच्या सरकारी निर्देशांप्रमाणे विशेष सर्वसाधारण सभा, मग सल्लागाराची नेमणूक, व्यवहार्यता अहवाल, निविदा आणि विकासकाची निवड असा क्रम असतो. लोकांना जाग येते ती विकासकानं स्लाइड दाखवल्यावर, तोवर अटी ठरलेल्या असतात. पेटी व्यवहार्यता अहवालाच्या आधी फिरायला हवी. तिच्यातून निघालेले पाच-सात नियम, मापांसकट, सर्वसाधारण सभेत ठराव म्हणून मंजूर करून निविदेला परिशिष्ट म्हणून जोडायचे. तेच परिशिष्ट पुढे विकास करारनाम्यात अनुसूची म्हणून जसंच्या तसं आलंय का हे नोंदणीच्या आधी वकिलाकडून ओळीनं ओळ ताडून घ्यायचं. माहितीपत्रकातल्या बागेवर दावा सांगणं अवघड जातं. अनुसूचीतल्या चार फूट रुंदीच्या गॅलरीवर तो सरळ सांगता येतो.